निघण्याआधी ब्रेक

लेकीच्या गाडीवर बाबांचा राग होता. गाडीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. नवी, चकचकीत, क्लच नसलेली. लिव्हर पी म्हणजे पार्किंगवरून डी म्हणजे ड्राइव्हवर ओढली की आपली आपण चालणारी. पण लेकीला घेऊन येणारी हीच गाडी चार दिवसांनी तिला घेऊनही जायची आणि या दुसऱ्या कामात ती फारच वक्तशीर होती.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. उभी हयात त्यांनी लोकांना वर पोचवण्यात घालवली. (हे वाक्य ते पाहुण्यांसमोर बोलले की आई म्हणायची, "अहो, लिफ्टने म्हणा!") स्वतः मात्र तळमजल्यावरच राहिले. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, हा त्यांचा धर्म. दाराच्या लॉकमध्ये खिळा घालून उघड्या दारानेच लिफ्ट पळवणाऱ्या सोसायट्यांना त्यांच्या नोटिसांची धडकी भरायची.

निघायच्या दिवशी सकाळी लेक आत बॅग भरत होती. बाबा फडकं घेऊन काच पुसायला बाहेर गेले. काच पुसून झाल्यावर बाकीची गाडीही पुसली. मग, कुणी बघत नाही असं पाहून, लेकीच्या सीटवर जाऊन बसले. गुडघे अडकले म्हणून सीट मागे सरकवली. ती इथे बसून रोज काय बघत असेल, याचा अंदाज घेत थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीत काही विशेष नव्हतं. उठताना त्यांनी स्टिअरिंगला धरून जोर दिला आणि आतून आवाज आला, "खट्ट!"

स्टिअरिंग जाम झालं. इकडे हलेना, तिकडे हलेना. बाबांनी सीट पुढे सरकवली, फडकं खिशात कोंबलं आणि घरात येऊन पेपर उलटा धरून वाचू लागले.

"बाबा, किल्ली फिरत नाहीये!" थोड्या वेळाने बाहेरून हाक आली.

बाबांच्या आधी शेजारचे कप्तान पोचले. हे गृहस्थ कुठल्या जहाजाचे वा संघाचे कप्तान होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण दुसऱ्याच्या अडचणीत उडी मारून हुकूम सोडायचे, म्हणून कप्तान.

"स्टिअरिंग कॉलम गेला, आतला अख्खा दांडा!" त्यांनी खिडकीतूनच निकाल दिला. "सगळं खाली उतरवावं लागणार."

"काका, चोरी होऊ नये म्हणून लॉक पडतं ते," लेक म्हणाली. तिने एका हाताने स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवलं, दुसऱ्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. "पण मी तर हात लावला नव्हता. कोण बसलं होतं?"

"मांजर असेल," बाबा म्हणाले.

लेकीने आईला मिठी मारली. "येते गं."

पण गाडीला ते पटलेलं दिसेना. लिव्हर पी-वरून हलेचना. लेकीने दोनदा ओढून पाहिली.

"धक्का मारू!" कप्तान ओरडले आणि कुणी काही बोलायच्या आत मागे जाऊन खांदा लावला. पी-मध्ये असलेली गाडी ढकलणं म्हणजे जिना ढकलण्यातला प्रकार. गाडी जागची हलली नाही; कप्तानांची कंबर मात्र हलली. त्यांना आत नेऊन सोफ्यावर आडवं केलं, मलम शोधलं, आईने चहा टाकला. कप्तान पडल्या पडल्या "कॉलम... कॉलम..." म्हणत राहिले.

"जाऊ दे," लेक म्हणाली. "उद्या निघेन." आणि बूट काढून स्वयंपाकघरात ओट्यावर जाऊन बसली, शाळेत असताना बसायची तशी. आईचा आवाज एकदम मोकळा झाला. घर भरल्यासारखं वाटू लागलं. बाबा मात्र ताटावरून लवकर उठले. आपणच लेकीची गाडी मोडली आणि वर आपल्यालाच आनंद झाला, याची त्यांना शरम वाटत होती.

दुपार कलल्यावर त्यांनी गुपचूप गॅरेजवाल्याला फोन लावला.

"काका, काही मोडलं नसेल," तो म्हणाला. "ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पी-मधून निघतच नाही. निघण्याआधी ब्रेक, असा नियमच आहे. पेडल पूर्ण दबतंय का बघा."

म्हणजे दार लागल्याशिवाय लिफ्ट नाही! ही तर आपलीच भाऊबंद निघाली, असं म्हणत बाबा टॉर्च घेऊन गाडीत वाकले. ब्रेकच्या पेडलखाली खाऊची बरणी अडकली होती.

त्यांनी ती काढली, सीटवर बसून किल्ली फिरवली आणि ब्रेक दाबला. लिव्हर पी-वरून डी-वर आणि परत, लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. बरणी हातात धरून ते पेडलकडे बघत बसले. परत ठेवली तर? आणखी एक दिवस. मग ही बरणी भर रस्त्यात घरंगळली असती तर, हे मनात आलं आणि त्यांनी बरणी बगलेत मारली. ते तडक आत गेले.

"मी सीटखाली ठेवली होती हो," आईने बरणी हातात घेतली. "एकही पिशवी वाढवू नकोस म्हणाली ना ती. म्हटलं, घरी पोचल्यावर सापडेल."

"आणि मी सीट सरकवली."

"मांजरा!" आई म्हणाली. मग हळूच, "म्हणजे उद्या जाईल?"

"जाईल. मी स्वतः तपासलंय."

रात्री जेवताना त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. ती खूप हसली. मग बराच वेळ भात चिवडत राहिली.

सकाळी बरणी डिकीत नीट बांधली गेली. "येते," म्हणत लेक गाडीत बसली. किल्ली फिरली. लिव्हर ओढली. लिव्हर हलली नाही.

"बाबा, परत तेच."

"मी सांगत होतो!" कंबरेला पट्टा बांधून कुंपणाशी उभे असलेले कप्तान गरजले. "कॉलम!"

बाबा चरकले. खिडकीतून आत वाकून त्यांनी पेडलखाली पाहिलं. बरणी नव्हती. काहीच नव्हतं. लेकीचा पायसुद्धा नव्हता. तो ब्रेकच्या शेजारी, पायपुसण्यावर निवांत टेकला होता. लेक समोरच्या भिंतीकडे बघत होती.

बाबा सरळ झाले. "ऑफिसला कळवावं लागेल तुला."

"सकाळीच कळवलंय," लेक म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"काय हो, काय झालंय गाडीला?" दारातून आईने विचारलं.

बाबांनी खिशातलं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

"काही नाही," ते तपासनिसाच्या आवाजात म्हणाले. "लॉक उत्तम काम करतंय."