अस्सल, पण साफ केलेला

आमच्याकडून गुणांकनाला नाणं गेलं होतं, आणि सात महिन्यांनी तिकडून आमचे हे सीलबंद होऊन आले. टेम्पोतून आले. सहा फुटी पारदर्शक प्लास्टिकची डबी, आत हे उभे, अंगात प्रवासाचा निळा शर्ट. टेम्पोवाल्यानं पार्सल फुटलेलं नाही असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

हे म्हणजे मोरेश्वर खळदकर, कराडच्या नगरपालिकेतून, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर ह्यांना नाण्यांचा नाद लागला. नाणं मात्र एकच होतं, सासूबाईंचा चांदीचा रुपया. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तो मांडायचा. आमच्या लेकीचं, केतकीचं लग्न येत्या मार्गशीर्षात करायचं ठरलं, तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं की हा रुपया लेकीला नुसता द्यायचा नाही, मुंबईच्या गुणांकन केंद्राकडून दाखला आणून द्यायचा. तिथं नाणं भिंगाखाली बघतात, अस्सल आहे का सांगतात, सत्तरपैकी गुण देतात आणि डबीत कायमचं बंद करतात. फोडल्याशिवाय ती डबी उघडत नाही.

चैत्रात रुपया पोस्टानं गेला. पंचेचाळीस कामकाजाचे दिवस म्हणाले होते. आषाढ संपला तरी मोबाइलवर ‘स्वीकृत’ एवढंच यायचं. मग ‘रांगेत’ आलं. मग भाद्रपदात पुन्हा ‘स्वीकृत’. हे रोज सकाळी दात घासायच्या आधी ते बघायचे आणि दिवसभर माझ्यावर चिडायचे. शेवटी दसऱ्यानंतर मीच म्हटलं, जाऊन या एकदा. आणि जाताना जरा माणसांत जाताय असं दिसू द्या. मी स्वतः ह्यांचे केस काळे केले, दाढी करायला लावली, टाचा दगडानं घासायला लावल्या.

तिथं चौकशीच्या खिडकीवर ह्यांच्या खिशाला आमच्या पार्सलचा क्रमांक चिकटवला, म्हणजे चौकशी कुणाची ते कळावं. त्या केंद्राचा नियम असा की ज्याच्यावर क्रमांक, त्याचं गुणांकन. आठ दिवसांत झालंसुद्धा. नाण्याला सात महिने लागत होते, माणसाचं काम लगेच झालं, कारण माणसांची रांगच नव्हती.

मी केंद्राला फोन लावला. मोकाशी नावाचे कुणी होते. आवाज फार नम्र.

“अभिनंदन, मॅडम. तुमची वस्तू अस्सल निघाली.”

“वस्तू काय म्हणताय? नवरा आहे तो माझा.”

“नोंद तशी नाही, मॅडम. नोंदीत वस्तू एक आणि सादरकर्ता एक. वस्तूचं गुणांकन होऊन ती रवाना झाली. सादरकर्ते अजून आमच्याकडेच बसलेत.”

“सादरकर्ते कोण?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “खळदकर साहेब. चांदीचे, गोल. प्रतीक्षा कक्षात आहेत. त्यांनाही पाठवतो.”

“अहो, पण ह्यांना बाहेर कसं काढायचं? लेकीचं लग्न आहे!”

“डबी परत पाठवा, पुनर्गुणांकनाचा अर्ज भरा. साठ कामकाजाचे दिवस.”

“आणि मीच फोडली तर?”

“फोडता येते. पण मग दाखला रद्द. आत कोण होतं हे आम्ही सांगू शकणार नाही. कुणीच सांगू शकणार नाही.”

“मी सांगते की! तीस वर्षं संसार केलाय.”

“तुमच्याकडे भिंग आहे का, मॅडम?”

भिंग नव्हतं. मी फोन ठेवला. असा संताप आला होता की समोर असता तर त्या मोकाश्याला दोन ठेवून दिल्या असत्या.

ह्यांच्या खिशात मोबाइल होता, म्हणून बोलता यायचं. डबीत भूक लागत नव्हती, नखं वाढत नव्हती. चौसष्ट टक्के बॅटरी उरली होती, तेव्हा आम्ही रोज एक मिनिट बोलायचं ठरवलं. मी समोर खुर्ची घेऊन बसायची आणि हे आतून फोन लावायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, “फोडू का? वरवंटा आहे घरात.”

“वेडी आहेस का! अगं, जोड कुठाय तेसुद्धा सापडत नाही. असलं सील मी जन्मात पाहिलं नाही,” हे म्हणाले. “पट्टीवर काय लिहिलंय ते सांग. मला इथून दिसत नाही.”

पट्टी ह्यांच्या डोक्याच्या वर होती. मी स्टुलावर चढून वाचली. “पुरुष, १९६२, कराड. अस्सल. साफ केलेला. गुण देता येत नाहीत.”

हे मान वर करून पट्टी दिसते का बघत राहिले. मिनिट तसंच गेलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, “साफ केलेल्या नाण्याला गुण नसतात. वर्षानुवर्षं अंगावर जो काळपटपणा चढतो ना, तोच बघतात ते. तू माझे केस रंगवलेस.”

“आणि रुपया? तोही मी दर दिवाळीला चिंच लावून घासत आले. तीस वर्षं. तेव्हा का नाही बोललात?”

“तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं.”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. घर लख्ख ठेवलं, देव लख्ख ठेवले, नवरा लख्ख करून पाठवला, आणि दाखल्यात तोच दोष निघाला. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी बॅटरी संपली. शेवटच्या मिनिटात हे विचारत होते, “केतकीचं कन्यादान—” आणि फोन बंद पडला.

चार दिवसांनी रुपया आला. साध्या पाकिटातून, सोबत प्रवेशपत्र: ‘सादरकर्ता, श्री. मो. वि. खळदकर, ओळख पटली आहे.’ वर शिक्का.

आमचे व्याही पावशे कोर्टात नाझर होते. त्यांनी प्रवेशपत्र आणि डबीचा दाखला, दोन्ही चष्मा लावून वाचले. “विहीणबाई, गैरसमज नको. पण कागदावर मुलीचे वडील हे आहेत,” त्यांनी रुपयावर बोट ठेवलं. “आणि ते,” डबीकडे न बघता म्हणाले, “ती वस्तू आहे.”

गुरुजींना तर काहीच अडचण वाटली नाही. “एकटा माणूस पूजेला बसला की शेजारी बायकोच्या जागी सुपारी मांडतोच आपण. इथं तर चांदी आहे, आणि शिक्काही आहे.”

मंडपात पाटावर रुपया मांडला. शेजारच्या पाटावर मी बसले. डबी स्टेजच्या कडेला उभी केली होती, कुणीतरी तिला झेंडूची माळ घातली होती. पाहुणे तिच्यापाशी थांबून फोटो काढत होते. एक बाई मला म्हणाल्या, छान दिसतात हो, अजिबात वय दिसत नाही.

कन्यादानाची वेळ आली. “यजमानांना हात लावा,” गुरुजी म्हणाले. मी रुपयाला बोट लावलं. तेवढ्यात धप्प असा आवाज आला. हे आतून प्लास्टिकवर मुठी मारत होते. लोकांना वाटलं, आनंदानं टाळ्या वाजवताहेत. मला ओठ दिसत होते. फोड, म्हणत होते. सहा आठवड्यांत पहिल्यांदा म्हणत होते.

मी उठले. वरवंटा मी घरून आणला होता, पिशवीत, साडीखाली. तो हातात घेऊन मी डबीपाशी गेले. केतकी उभी राहिली. “आई, मार,” ती म्हणाली.

“विहीणबाई,” पावशे शांतपणे म्हणाले, “मुहूर्ताला तीन मिनिटं आहेत. फोडा, मी अडवत नाही. पण आतून जो कोणी बाहेर येईल, तो मुलीचा बाप आहे हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. काळेभोर केस, गुळगुळीत गाल. मुठी थांबल्या होत्या आणि हे माझ्या हाताकडे बघत होते. मी भिंगाचा विचार केला. मग वरवंटा खाली ठेवला. मीच ठेवला, कुणी हिसकावून घेतला नाही.

केतकीचं कन्यादान रुपयाच्या हातून झालं. पाणी मी घातलं. पाठवणीच्या वेळी ती डबीपुढे वाकली, तेव्हा हे आशीर्वादाला हात वर करायला गेले आणि हात वर पट्टीपाशी अडकला. तिनं ते पाहिलं. माझ्याशी न बोलता ती गाडीत बसली. तिला द्यायचा म्हणून हातात घेतलेला रुपया माझ्याकडेच राहिला.

आता डबी हॉलमध्ये खिडकीपाशी असते. रुपया ह्यांच्या खुर्चीवर असतो, पत्रं त्याच्या नावानं येतात. पुनर्गुणांकनाचा अर्ज केला आहे, ‘स्वीकृत’ आलं आहे. केतकीचा फोन येत नाही. दर शनिवारी मी कोरडं फडकं घेऊन डबी बाहेरून पुसते. बाहेरूनच. आतून हे साफ केलेले आहेत, तसं दाखल्यात लिहिलंय.