सव्वाशे श्रोते

माझ्या हातचा अर्ज आजवर कधी परत आलेला नाही. बढाई मारत नाही, पांढुर्ण्यात कोणालाही विचारा. विहीर असो, बांध असो, बदली असो, नाहीतर माहेरी जाऊन बसलेली बायको असो, मी अर्ज लिहायचा आणि साहेबाने मुकाट सही करायची! म्हणूनच छप्पन सालच्या डिसेंबरात नत्थूजीच्या हॉटेलात बसून मी सांगून टाकलं, की रेडिओवरचं सकाळचं ते गाणं एका अर्जात बंद करून दाखवतो. तेव्हा अंगात जोर होता. आता फक्त भोगायचं उरलंय.

मी वसंत कळंबे, नगरपालिकेतला कारकून. लोक कळंबेबाबू म्हणतात. सहा वर्षं नोकरी झाली होती, पण मी अजून तात्पुरताच. कायम व्हायला वरची मंजुरी लागते, आणि माझे कागद चार वर्षं नागपूरच्या एका कपाटात सुखाने झोपले होते. एक नोव्हेंबरला सरकारने राज्यांची नवी आखणी केली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, आणि माझे कागद बिऱ्हाड उचलून भोपाळला निघाले. पोचले की वाटेत उतरले, कोणी सांगेना. सासरे दर दिवाळीला विचारायचे, "मग जावईबापू, झाले का कायम?" त्यामुळे सहा वर्षांत मला अनारसे आवडेनासे झाले होते.

माझ्या दहा कामांपैकी एक काम म्हणजे गावचा सरकारी रेडिओ. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या करदोड्याला. काटा नागपूर केंद्रावर शिक्का मारून बसवलेला, तो दुसरीकडे फिरवायची सोय नाही. सकाळी सात ते साडेआठ लावलाच पाहिजे, असा नियम. भोंगा वाचनालयासमोरच्या कडुनिंबावर टांगलेला, आणि त्याचं तोंड थेट माझ्या दाराकडे.

बातम्या संपल्या की शास्त्रीय गाणं सुरू होई. मला शास्त्रीय गाण्याबद्दल आदर आहे. दुरून. पण बुवा एक ओळ धरत आणि काही केल्या ती सोडत नसत. संत्र्यांच्या बैलबंड्या स्टेशनावर जात, रिकाम्या होत, परत येत, तरी बुवा त्याच ओळीवर! त्या ओळीतल्या बाईला कोणाची तरी वाट पाहायची असे. तीन वर्षं झाली, तो काही आलेला नव्हता.

लोक कंटाळले होते, आणि किल्ली माझ्याकडे म्हणजे गवईही माझाच, अशी गावाची पक्की समजूत होती. कडुनिंबाखाली पंचफुला भाजी घेऊन बसायची. ती रोज मला विचारायची, "बाबू, तुमचा बुवा जेवत-गिवत नाई का जी? सकाळपासून कण्हूनच राह्यला." नत्थूजीचं म्हणणं असं, की गाणं सुरू झालं की गिऱ्हाईक चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवतं आणि पळतं, आलुबोंड्यांपर्यंत पोचतच नाही. आमच्या घरी बायकोची, म्हणजे उर्मिलाची, भाकरी बुवांच्या तालात सापडायची. बुवा संथ असले की भाकरी जाड, आणि शेवटी शेवटी ते धावायला लागले की फाटकी.

"गावभर अर्ज लिवता," ती म्हणाली, "घरचाही एक लिवा ना."

आता या रेडिओची एक नोंदवही होती. तारीख, वेळ, श्रोत्यांची संख्या, शेरा. रेडिओ आला त्या पहिल्या दिवशी खरोखरच सव्वाशे माणसं ते नवल पाहायला जमली होती. मी इमानदारीने मोजून १२५ लिहिलं, आणि शेरा दिला, 'लोक आनंदाने ऐकतात.' दुसऱ्या दिवसापासून तीन वर्षं लिहीत आलो, 'वरीलप्रमाणे.' प्रत्यक्षात गाण्याला नियमाने हजर असायची ती पंचफुलाची बकरी, आणि तीही पाल्यासाठी. पण एकदा 'वरीलप्रमाणे' लिहायची सवय लागली, की कारकून पुन्हा मोजायला उठत नाही.

असो. मी अर्ज लिहिला. माझ्या अर्जाचं मर्म सांगतो. त्यात काय पाहिजे ते कधीच सरळ लिहिलेलं नसतं. ते साहेबाला स्वतःच्याच मनाने सुचल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून मी लिहिलं, की सकाळच्या संगीताच्या कार्यक्रमाबाबत येथील जनतेच्या भावना तीव्र असून त्यात योग्य तो बदल व्हावा. खाली पहिली सही माझी.

मग कागद गावात फिरला. आमच्याकडे सहीला कोणी नाही म्हणत नाही, पण नुसती सही करून कोणी सोडतही नाही. सहीशेजारी आपलंही एक गाऱ्हाणं लिहायचं, ही इथली रीत. एवढा कागद सरकारकडे चाललाच आहे, तर जाता जाता आपलाही निरोप जाऊ द्यावा! दोन दिवसांत एकशे अठरा सह्या आणि अंगठे झाले. शेजारची गाऱ्हाणी मी वाचली नाहीत. थकलो होतो हो. त्या दिवशी बुवांनी सव्वासातलाच धरलं होतं.

ही झाली पहिली चूक. दुसरी त्याहून कारकुनी. अर्ज होता रेडिओ केंद्राला. पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीत टाकला असता, तर तिसऱ्या दिवशी पोचला असता. पण माझ्या हाताने सवयीने वर लिहिलं, 'योग्य मार्गाने सादर.' मग तो आमचे अध्यक्ष रघुनाथराव यांच्याकडे गेला. त्यांनी चष्मा न लावताच शिक्का मारला, आणि तो सौसरच्या तहसीलीत जाऊन पडला. आठव्या दिवशी मला बोलावणं आलं, नोंदवही घेऊन हजर व्हावं म्हणून.

मला वाटलं, कायम झालो. उर्मिलानेही वाटीभर साखर बाजूला काढून ठेवली.

सौसरचे नायब तहसीलदार जबलपूरकडचे होते, तीन महिन्यांपूर्वीच आलेले. हिंदीत बोलायचे, आणि फार हळू बोलायचे. त्यांनी माझा अर्ज टेबलावर पसरला आणि सह्यांशेजारची गाऱ्हाणी एकेक करून मला वाचायला लावली. बाजारात नळ बसवा. तिगावला मेल गाडी थांबवा. लोधीखेड्याचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याने आपल्या भावकीचं भांडण पाच ओळींत लिहिलं होतं. आणि नत्थूजीच्या सहीशेजारी, ठसठशीत अक्षरात, 'आमाले नागपुरातच राहू द्या. भोपाळ पाह्यलं कोनं?' त्याखाली एकोणपन्नास जणांनी लिहिलं होतं, वरीलप्रमाणे.

साहेबांनी विचारलं, की मंजुरीची वाट पाहणारा तात्पुरता कारकून पहिली सही करून नव्या राज्याविरुद्ध गाव उठवतो आहे, असं त्यांनी वर कळवायचं का? मी शपथेवर सांगितलं, की साहेब, यात राज्यबिज्य काही नाही, हे फक्त गाण्याबद्दल आहे. लोक त्या गाण्याला कंटाळले आहेत.

"कंटाळले?" असं म्हणून साहेबांनी नोंदवही उघडली.

तीन वर्षं, रोज सव्वाशे माणसं, आनंदाने. पोळ्याला सव्वाशे, धुळवडीला सव्वाशे, जाम नदीला पूर आला त्या दिवशीही सव्वाशे. साहेबांनी एका पानावर बोट ठेवलं. त्या आठवड्यात रेडिओ दुरुस्तीसाठी छिंदवाड्याला गेला होता, तसं मीच लाल शाईने लिहिलेलं होतं, आणि खाली सात दिवस, वरीलप्रमाणे! साहेब म्हणाले, दोनपैकी एक कागद खोटा आहे. नोंदवही खरी असेल, तर अर्जामागे तुमचा हेतू दुसराच होता. अर्ज खरा असेल, तर तीन वर्षं तुम्ही सरकारला फसवत आलात. सोमवारी सकाळी मी स्वतः येऊन पाहतो.

परतीच्या मोटारीत मी हिशेब मांडला. खोट्या नोंदीबद्दल फार तर ताकीद मिळेल. राज्याविरुद्धच्या सह्यांबद्दल नोकरीच जाईल. तेव्हा सोमवारी गावाने फक्त खरं वागायचं, म्हणजे कंटाळायचं, एवढंच माझ्या हिताचं होतं. घरी उर्मिलाने साखर परत डब्यात ओतली. "जे हाय ते दाखवा," ती म्हणाली. "बकरी दाखवा अन् मोकळे व्हा."

रविवारी मी दारोदार फिरलो. काही करू नका म्हटलं, रोजच्यासारखे वागा, विचारलं तर मनातलं बोला. सगळ्यांनी मान डोलावली. नत्थूजीने तर माझा हात हातात घेतला. "बाबू, तुमी आमच्यासाठी एवढं केलं. आमी तुमाले मरू देऊ का जी?" त्याचे डोळे भरून आले होते, माझेही आले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

सोमवारी पावणेसातला दार उघडलं, तर कडुनिंबाखाली सतरंज्या! गावाने रात्रीतून आपसांत ठरवून टाकलं होतं, की बाबूनं वहीत सव्वाशे लिहिले आहेत, तर साहेबाला सव्वाशे दिसले पाहिजेत. रघुनाथराव काठीने माणसं मोजत होते. बंडीवाले, हमाल, हॉटेलातली गिऱ्हाइकं, सगळे धुतलेल्या टोप्या घालून मांडी ठोकून बसलेले. मी नत्थूजीला बाजूला ओढून सांगायला गेलो, की अरे बाबा, उलट झालं, उलट! पण एवढ्यात साहेबांची जीप आली. एकशे चोवीसच भरले होते, म्हणून मी पेटी उघडून रेडिओ लावताच नत्थूजीने मलाच दंडाला धरून सतरंजीवर बसवलं.

बुवांनी सुरुवात केली. सव्वाशे माणसं पुतळ्यासारखी गप्प. पाऊण तास कोणी खोकलं नाही. पहाटे उठून आलेली माणसं ती, दहा मिनिटांत निम्म्यांच्या माना डोलायला लागल्या, आणि त्या झोपेनेच डोलत होत्या, हे मला शेजारच्या हमालाच्या घोरण्यावरून कळलं. पंचफुला वाळल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, आणि बोटं मांडीवर हलकेच ताल धरत होती. गाणं संपलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, की त्यांची आई सकाळी हाच राग गायची, आणि सौसरला आल्यापासून तीन महिन्यांत त्यांच्या कानावर एक सूर पडलेला नव्हता. मला त्या क्षणी फार लाज वाटली. असं कोणाला वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

साहेबांनी नत्थूजीला पुढे बोलावलं. ते नागपूरचं वाक्य तुम्ही का लिहिलंत?

"ते आमची रीत हाय जी," नत्थूजी म्हणाला. "अर्ज कायचाही असो, आपलं दुखनं बाजूले लिवाचं. गाण्याचा अन् त्याचा काई संबंध नाई."

"आणि गाण्यात बदल पाहिजे, तो कोणता?"

नत्थूजीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं, बोल, बाबा, खरं बोल. त्याने मला धीर देणारी मान हलवली.

"वाढवाचं जी. एवढ्याशात काय होते? सुरू होते ना होते तं संपते. आमाले तं याच्याबिगर चहा गोड लागत नाई."

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. जनतेच्या भावना तीव्र. योग्य तो बदल. मग वळून मला विचारलं, हेच म्हणायचं होतं का तुम्हाला? तेव्हा तरी मी खरं सांगू शकत होतो. माझ्यासमोर सव्वाशे माणसं बसली होती, माझ्यासाठी थंडीत आंघोळी करून आलेली. सासऱ्यांची दिवाळी डोळ्यांपुढे आली. मी म्हटलं, होय साहेब, हेच.

मार्चमध्ये भोपाळहून हुकूम आला. तहसील कार्यालयाच्या खास शिफारशीवरून वसंत कळंबे यांना कायम करण्यात येत आहे. उर्मिलाने साखर काढली. मग मी हुकुमाचं दुसरं पान उलटलं. पांढुर्ण्याच्या जनतेची संगीताची आवड लक्षात घेऊन तेथील रेडिओ संध्याकाळीही दोन तास लावावा, दुसरा भोंगा मंजूर, आणि सदर काम कळंबे यांच्याकडेच कायम राहील. कडुनिंबाची फांदी दोन भोंग्यांचं वजन पेलेना, म्हणून दुसरा माझ्या कौलांवर बसवला.

पहिल्याच संध्याकाळी नत्थूजी आला. कानाला मफलर गुंडाळून दारात उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "बाबू, हे तं जास्तच झालं जी! एक अर्ज लिवा ना, तुमच्या हातचा!" मी हात जोडले. आत उर्मिलाने एक फाटकी भाकरी ताटात टाकली.

तो गेल्यावर मी नोंदवही उघडली. आता मी कायम झालेला माणूस, निदान आतातरी खरा आकडा लिहावा, असं मनात आलं. बाहेर डोकावून पाहिलं. बकरीही नव्हती. मी उसासा टाकला आणि लिहिलं, १२५. मग लक्षात आलं, भोंगे आता दोन झाले. ते खोडून २५० केलं, आणि रेडिओ बंद करायला अजून दीड तास होता म्हणून तिथेच बसून राहिलो.