साडेदहाचं तळं

उपग्रह डोक्यावरून जायच्या दिवशी कांबळेसर भांग पाडत. साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस एरवी दाढीचाही कंटाळा करी. मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. मी म्हणायचो, “सर, त्या फोटोत तुम्ही ठिपक्याएवढेसुद्धा दिसणार नाही.”

“म्या न्हाई रं, पर तळं दिसतंय. घरच्या माणसानं नीट ऱ्हायला नगं व्हय?”

नव्वदनंतरची ती वर्षं. आकाशातल्या चित्रावरून गावाबाहेरच्या तळ्याचं पाणी किती गढूळ ते ओळखायचं, असं एक गणित सर बसवत होते. उपग्रह साडेदहाला वरून जाई. नेमकं तेव्हाच होडीतून, तळ्याच्या मधोमध, पांढरी थाळी दोरीनं सोडायची. दिसेनाशी झाली की खोली वहीत लिहायची. चित्र कित्येक महिन्यांनी येई, मग जुळवाजुळव. ढग आला की दिवस फुकट. त्यामुळे पावसाकडे डोळे लावलेल्या साताऱ्यात सर एकटेच भेटेल त्याला विचारत, “ढग न्हाई न्हवं?” भाजीवाली एकदा वैतागली. “आवं मास्तर, पावसाच्या वाईटावर का उठलाय?”

एकदा सरांना परीक्षेच्या कामाला कोरेगावला जावं लागलं. थाळी माझ्या हवाली केली. आणि मी सकाळीच लोणंदला मुलगी बघायला गेलो. परतलो दुपारी एकला. होडी सोडायचाही कंटाळा आला. म्हशी डुंबत होत्या तिथंच, पायरीवरून थाळी बुडवली. वहीत लिहिलं : साडेदहा, मधोमध. खाली सही.

चित्र आलं. बाकीचे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे गणितात बसले. माझा एकटा कुठल्या कुठं. सरांनी वर्षभर ते गणित उसवलं आणि शिवलं. काठावरच्या गुराख्याला गाठून विचारलं, “त्या दिशी पाण्यात म्हशी किती हुत्या?”

“तेवढा आकडा काढून टाकू, सर,” मीच सुचवलं.

“न्हाई रं.”

या गणितावरचा निबंध पुण्याच्या परिषदेत वाचायचा होता. सरांनी तो पाठवलाच नाही. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, “कांबळ्यांचं गणित म्हशींनी बुडवलं.” सगळे हसले. मीही हसलो.

निवृत्तीनंतर सर इस्लामपूरला एकटेच राहतात. गेल्या महिन्यात गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“ठावं हाय,” सर म्हणाले. “गुराखी तवाच बोलला. तुमचा माणूस दुपारी आला, पायरीवनंच गेला.”

“मग आकडा काढला का नाहीत?”

“काढायचा तर कारण लिवाय लागतंय. खरं लिवलं आसतं तर तुझी नोकरी जात हुती. नवं लगीन तुझं. आन् खोटं मला लिवता येत न्हाई.”

सर उठून आत गेले. तांदूळ धुता धुता तिथूनच म्हणाले, “जेवूनच जा. दोघांचा भात लय वर्सांनी टाकतोय. कमी-जास्त झाला तर सांभाळून घे.”