आठ जण आडवे

मेरिन पास्कोने बैठकीची तयारी अशी चोख केली होती, की नावं ठेवायला जागा नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबचा हॉल, भिंतीलगत आठ चटया, मीठ पोटात गेलं की रक्तदाब सावरतो म्हणून खारवलेल्या ऑलिव्हच्या वाट्या, आणि अत्तर लावून येणाऱ्याला प्रवेश बंद. मेरिन धरून जमलेल्या आठही जणांचं दुखणं सारखंच. सांधे नको तितके वाकायचे, उभं राहिलं की रक्त पायांत उतरून काळीज धडधडायचं, आणि साध्या वासानेही अंगावर गांधी उठायच्या. सांध्यांचा डॉक्टर हृदयवाल्याकडे पाठवी, हृदयवाला ॲलर्जीवाल्याकडे, आणि तो पुन्हा सांध्यांवाल्याकडे. तिन्ही एकत्र बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आज मेलबर्नहून तासाभरासाठी येणार होत्या. त्यासाठी मेरिनने चौदा महिने तगादा लावला होता.

बाई येईपर्यंत आठही जण पाय भिंतीवर टेकवून, डोळे मिटून पडले. तसं पडलं की जरा बरं वाटतं.

हिरवळ राखणारे डेसकाका खिडकीशी आले. आत आठ माणसं आडवी, एकही हलेना. त्यांनी सरळ फोन लावला. "गॅस गळतोय. बहुतेक सगळे गेले."

पाच मिनिटांत बंबवाले मुखवटे घालून आत शिरले.

"उठा, बाहेर चला."

"अहो, आम्ही मुद्दाम पडलोय," मेरिन म्हणाली.

"गॅस चढला की असंच वाटतं, बाई."

"निदान झटकन उठवू नका. पडू आम्ही."

त्यांनी झटकन उठवलं. सहा जण पडले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" डेसकाका म्हणाले.

एका बंबवाल्याने मेरिनला हात धरून ओढलं, तर तिचा खांदाच निखळला. तो पांढराफटक पडला. "मोडला की हो माझ्या हातून."

"मोडला नाही. रोजचंच आहे." तिने खांदा कट्कन जागेवर बसवला. ते बघून तो स्वतःच खाली बसला.

तोवर पोलिसांनी रस्ता अडवला होता. डॉक्टरीणबाईंना कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला: पुढची मोकळी तारीख थेट पुढच्या वर्षीच्या मार्चमधली.

मेरिन हिरवळीवर दात-ओठ खात पडली होती. ॲम्ब्युलन्सवालीने तिची नाडी आधी झोपवून मोजली, मग उभं करून.

"झोपून सत्तर, उभ्याने एकशे बावन्न. मानेवर गांधी. खांदाही सैल. बाई, हे सगळं एकत्र म्हणजे साधं नाही हं."

मेरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

"लिहून द्याल?"

"देते की."

नाडी, गांधी, खांदा, सगळं एकाच कागदावर, सहीशिक्क्यानिशी. मेरिनने तो दोनदा वाचला. मग खाली कारणाच्या रकान्याकडे तिचं लक्ष गेलं.

'गॅसगळतीचा संशय.'