साखराचा पाय

सुंदरराव पाटील सकाळी उठले ते डाव्या खांद्याकडे बघतच. मान तशीच धरली होती. उजवीकडे बघायचं तर बैलगाडी वळवावी तसं सगळ्या देहासकट फिरावं लागे. उद्या तहसीलदारसाहेब उमापुरात येणार होते आणि पाटलांना त्यांच्याकडे तोंड करून सलाम घालायचा होता. गेल्या साली शेजारगावच्या पाटलाला ऐन सलामात जांभई आली, तर पाटीलकी आठ महिने त्याच्या चुलतभावाकडे गेली होती.

बैलांचे खांदे आणि माणसांच्या माना एकाच हातानं बसवणारा आश्रुबा पैलवान आला. त्यानं करडईचं तेल जिरवलं, अंगठ्यानं शीर चाचपली.

"पाटील, सायबाचा इचार सोडा बरं."

"कोण करतंय बे इचार?" पाटील म्हणाले, आणि आश्रुबाच्या अंगठ्याखाली मान सागवानासारखी झाली.

"बगा. सायब म्हणलं की दगड. हाड जाग्यावर हाय. काळजीनं धरलीय ही."

"मंग काळजीला तेल चोळ की."

तेवढ्यात पाटलीण चंद्रभागाबाई आतून म्हणाल्या, "घरात पायाळू लेकरू असताना तेल कावून नासवायलात? साखरानं पाठीवर पाय दिला की झालं."

हे ऐकून सुनेच्या, कौशल्येच्या, हातातलं सूप गळून पडलं. पायांकडून जन्मलेल्याचा पाय लागला की धरलेलं अंग सुटतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिची दीड वर्षाची साखरा मात्र डोक्याकडूनच जन्मली होती, हे कौशल्येला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई चार महिन्यांच्या साखराला खोळीत गुंडाळून भुरभुर पावसात शेतावर निघाल्या होत्या. "लेकरू आजारी पडंल" म्हटल्यानं त्या थांबल्या नसत्या. म्हणून कौशल्या म्हणाली, "आत्याबाई, ती पायाळू आहे. तिच्यावर वीज येते." सासूबाई उंबऱ्यातूनच परत फिरल्या. बाळंतपण माहेरी, मांजरसुंब्याला झालेलं, विचारणार कोण?

आता पाय चालला नाही, तर मामंजींची पाटीलकी जाणार, आपण खोट्या ठरणार आणि साखरा पुन्हा पावसात.

"ती झोपलीय, आत्याबाई."

"उठंल."

"दात येतायत. अंग कढत हाय."

"कढत पाय तर लईच चांगला."

ओसरीवर पाटील पालथे पडले. साखराला पाठीवर उभं केलं. तिनं लाथबिथ काही मारली नाही. आजोबांचा कान धरून "घोडा" म्हणाली, उडी मारायला गेली आणि उजव्या अंगानं घसरली. कौशल्या धावली. पण त्याआधीच पाटलांनी गर्रकन मान वळवून नातीला झेललं होतं. कट् असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग पाटलांनी हळूच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "सुटली की."

"पायाचा गुन," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

आश्रुबा तेलाची वाटी उचलताना कौशल्येला हळूच म्हणाला, "वैनी, पोरगी पडताना पाटलाला सायब इसरला बगा."

दुपारपर्यंत पाठ धरलेली सातजणं दारात बसली. कौशल्येला राहवेना. चुलीपाशी जाऊन तिनं सासूला सांगून टाकलं, "आत्याबाई, साखरा पायाळू न्हाई."

चंद्रभागाबाई भाकरी थापतच राहिल्या. "ठावं हाय. तुझी सुईन दगडाबाई माझी मावसबहीन लागती."

"मंग त्या दिवशी उंबऱ्यातून परत कावून फिरलात?"

"पाऊस बगून मलाबी पोरीचं भ्या वाटायलं होतं. पर सुनंच्या सांगण्यावरून कशी फिरू? तू इजेचं नाव काडलं, बरं झालं."

"आन् आज?"

"आज ह्यांची मान फिरवायची होती. तुझं खोटं घरात पडूनच होतं. ह्यांला सांगू नगं, मान परत धरंल."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेब बैलांच्या दमणीतून उतरले. पाटलांनी सरळ मानेनं सलाम घातला. साहेब मात्र तोंड फिरवून उकिरड्याकडे बघत राहिले. साहेब रागावले, या विचारानं पाटलांची मान पुन्हा ताठायला लागली.

साहेबांचा पेशकार पुढे आला. "पाटील, साहेबांची गर्दन अकडलीय, रस्त्याच्या धक्क्यानं. ऐकलंय, तुमच्याकडं पायाळू बच्ची हाय. आणा तिला."

दाराआड कौशल्येनं साखराला घट्ट धरलं. पोर पडली तर झेलायला हे काही आजोबा नव्हते.

"काय सांगू?" चंद्रभागाबाई पहिल्यांदाच सुनेला विचारत होत्या.

कौशल्येनं आभाळाकडे पाहिलं. उमापूरवर खळ्याएवढा एकच ढग होता. दाराआडूनच ती म्हणाली, "ढग आलाय. पायाळू लेकरू बाहेर काढलं की वीज पडते. साहेब उघड्यावर उभे आहेत, म्हणून म्हटलं."

"कुठं?" साहेबांनी दचकून मान वर केली. कट्.

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि शेवटी पाटलांकडे पाहून हसले. पाटलांचीही मान तिथंच सैल पडली.

"बच्ची घरातच असू द्या," पेशकार अदबीनं म्हणाला. "नुसत्या नावानं काम झालं."

पुढं दारात रांग लागायची ती ढग असेल त्या दिवशी. चंद्रभागाबाई ओसरीवरूनच ढगाकडे बोट दाखवायच्या, लोक दचकून वर बघायचे आणि बरे होऊन जायचे. साखरा आत कोरडी खेळत असायची.