एक माप मोठा कूलर

"तुम्ही विमानतळाजवळ राहता का हो?" फोनवरून संपादकबाईंनी विचारलं.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे प्रश्न घरातल्या तिघांनीही ऐकला. टेलरमास्तरांनी तोंडात धरलेल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. दारात केस विंचरत उभ्या असलेल्या मुलीचा कंगवा केसांतच थांबला.

"नाही हो," मास्तरांची बायको म्हणाली. "इथून विमान दिसतसुद्धा नाही."

"मग तुमच्या गोष्टीमागे सतत घूंऽऽ असं काय चाललंय? आवाज गोड आहे तुमचा, सांगणंही छान. पण अस्वल जंगलात नाही, धावपट्टीवर उभं आहे असं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्वच्छ रेकॉर्डिंग पाठवा. नाहीतर मला दुसऱ्या बाईंना हो म्हणावं लागेल."

बायकोनं फोन ठेवला. वर्षानुवर्षं ती बालवाडीत गोष्टी सांगत आली होती. बालवाडी बंद पडली आणि तिच्या गोष्टी घरात कोंडल्या गेल्या. मग ती दुधाला राक्षसाच्या आवाजात दटावायची, कपाटातल्या उंदराला राजकुमार म्हणायची, आणि तरीही दुपार उरायचीच. अशात मुलांसाठी ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या या संपादकबाईंनी नमुना मागवला. बायकोला काम मिळाल्यासारखं वाटलंच नाही; तिला तिची पोरं परत मिळाल्यासारखी वाटली.

आणि त्या पोरांच्या आड हा घूंऽऽ येऊन बसला होता.

गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. मागच्या खोलीत मास्तरांचा कॉम्प्युटर होता. त्यावर ते भरतकामाचे नमुने करायचे. रस्त्याचा गोंगाट पोचत नाही अशी खोली घरात ती एकच, त्यामुळे रेकॉर्डिंग तिथेच. मास्तर बटणं दाबायला शेजारी बसायचे. माइक जोडलेला त्याच कॉम्प्युटरला. म्हणजे ज्यानं गुपचूप ऐकून घ्यायचं, तोच मध्ये बडबडत होता. आता याला काय करावं!

"गार वाऱ्याला मी खिडकी लावतो, आवाजाला पांघरूण घालतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर रजई घातली.

आवाज दबला. बायकोनं गोष्ट सुरू केली. अस्वलाची टोपी वाऱ्यानं उडाली, नदीत पडली, अस्वलानं पाण्यात पाय टाकला. तेवढ्यात रजईखालून आधी शिट्टी, मग किंकाळी आली आणि पडदा काळा झाला. अस्वल मधल्या धारेत राहिलं.

मुलीनं रजईखाली हात घातला. "बाबा, याला ताप आलाय."

मग डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. कुठलंही यंत्र समोर आलं की ते आधी त्याला कान लावायचे आणि मग घरच्यांकडे अशा नजरेनं बघायचे, की गल्लीनंच त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं.

"प्रोसेसर तापतो," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या डोक्यावर हा एवढासा कूलर. पंखा बघा, बशीएवढा. छोट्या पावलांच्या माणसानं ढांगा टाकणाऱ्याबरोबर चालायचं म्हटलं तर त्याला पळावं लागतं, धापा टाकाव्या लागतात. तसं आहे हे."

"मग उपाय?"

"मोठा कूलर. पंखा मोठा, म्हणजे सावकाश फिरणार. सावकाश फिरणार, म्हणजे गप्प राहणार. पण मास्तर, उंची बघून मागवा हं. बोर्डापासून झाकणापर्यंत जेवढी जागा, त्याच्या आतला."

"डॉक्टर, तुम्ही मला माप शिकवणार?" मास्तर हसले. "या टेपनं मी पहिलवानांच्या छात्या मोजल्यात."

माप त्यांनी अगदी चोख घेतलं, यात शंका नाही. डब्याचं झाकण काढलं, टेप आत सोडली, डोळा बारीक केला, आकडा मोठ्यानं म्हणून दाखवला. पण आयुष्यभराची सवय आकड्यापाशी थांबू देईना. अंगाबरोबर कापून फसलेला शिंपी मास्तरांनी पाहिला होता. कापड जास्त ठेवून फसलेला मात्र एकही नाही.

"एक माप मोठाच मागव," ते मुलीला म्हणाले.

"बाबा, डॉक्टरकाका तर म्हणाले..."

"तयार वस्तू कधी मापात येते का? मोठी असली तर आत घेता येते. लहान निघाली तर जोड कुठून आणू? शिवाय वाढतं अंग असतं."

"कॉम्प्युटरचं?"

"उलट बोलू नकोस. मागव."

कूलर आला तो चपलांचे दोन जोड मावतील एवढ्या खोक्यात. आत पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि दोन्ही अंगांना ताटाएवढे पंखे. बायकोनं तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"अहो, हा कॉम्प्युटरमध्ये बसवायचा, की कॉम्प्युटर याच्यात?"

डॉक्टरांनी जुना कूलर काढला, प्रोसेसरला राखाडी मलम लावलं आणि नवं धूड वर चढवून स्क्रू आवळले. मग झाकण लावायला गेले. झाकण कूलरवर टेकलं आणि चार बोटं वरच तरंगत राहिलं.

"थोडा आत घ्या ना," मास्तर म्हणाले.

"काय आत घ्या?"

"थोडासाच. शिवणीत."

"मास्तर, हे तांबं आहे, टेरिकॉट नाही!"

मुलीनं तोंडात ओढणी कोंबली. बायकोनं फक्त कॅलेंडरकडे पाहिलं. परत पाठवून बदलून मागवायला शुक्रवारच्या आत वेळ नव्हता.

"राहू दे उघडा," डॉक्टर म्हणाले. "चालेल तसा. फक्त उभा करू नका. एवढं ओझं आडवं लटकलं तर बोर्डाची कंबर मोडेल. झोपवून ठेवा."

झोपवल्यावर कॉम्प्युटर टेबलाखालच्या कप्प्यात मावेना. म्हणून तो टेबलावर आला. टेबलावरचा पडदा आणि कीबोर्ड इस्त्रीच्या फळीवर गेले. इस्त्री शिलाई मशीनवर गेली. मास्तरांची खुर्ची फळीपाशी आली, तशी बायकोची खुर्ची ठेवायला जागाच उरली नाही. उरली ती एकच पोकळी: गिऱ्हाइकांचे कोट टांगलेलं कपाट.

"मी कपाटात बसू?" बायकोनं विचारलं.

"आई, बस. कपड्यांत आवाज घुमत नाही, मी ऐकलंय," मुलगी म्हणाली.

मग कोटांच्या रांगेत बायको स्टूल घेऊन बसली, डोक्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या सुटाची बाही. माइकची वायर जेमतेम पोचली. मास्तरांनी कॉम्प्युटर चालू केला. चौघांनीही श्वास धरला.

काही नाही! पंखे फिरत होते, पण देवाशपथ, आवाज म्हणून नाही. डॉक्टरांनी कान लावला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"टक टक टक टक," कॉम्प्युटर म्हणाला.

शिंप्याचं घर ते! हवेत तरंगणारा दोरा उघड्या पंख्यात शिरला होता. डॉक्टरांनी तो चिमट्यानं ओढून काढला. काढेपर्यंत दुसऱ्या पंख्यानं कापसाचा पुंजका गिळला.

"याला जाळीचं काहीतरी हवं," डॉक्टर म्हणाले. "वारा जाईल, दोरा जाणार नाही असं."

हे वाक्य ऐकून मास्तरांच्या अंगात जे काही संचारलं, ते बघण्यासारखं होतं. गळ्यात टेप आलीच. त्यांनी कॉम्प्युटरची छाती घेतली, कंबर घेतली, कूलरपाशी पोट सुटलंय म्हणून तिथे सैल धरलं. जाळी म्हणून पलंगावरची मच्छरदाणी उतरवली. तासाभरात असा झगा शिवला, की खाली इलॅस्टिक, वर चुण्या, आणि वायरीसाठी काजं केलेली.

"मच्छरदाणी गेली. आता आपण कुठे झोपायचं?" बायकोनं कपाटातून विचारलं.

"एवढं होऊ दे. मग तुला नवी शिवतो."

"तोवर डास आपल्याला चावणार आणि कॉम्प्युटर सुखात झोपणार, असंच ना?"

पण झगा बसला अंगाबरोबर. दोरा थांबला, टकटक थांबली, आणि खोलीत अशी शांतता उतरली, की इतकी वर्षं त्या घूंऽऽखाली दडलेली मंडळी एकेक करून बाहेर आली. भिंतीवरचं घड्याळ हातोडे मारत होतं. ते रजईत गेलं. स्वयंपाकघरातला फ्रीज घोरत होता. त्याचं बटण बंद झालं. मुलीच्या बांगड्या काढून घेतल्या गेल्या. डॉक्टरांच्या गुडघ्याचा आवाज येतो असं निदर्शनास आलं, तेव्हा त्यांनाही आभार मानून घरी पाठवलं.

आणि कोटांच्या आडून बायकोनं अस्वल पुन्हा नदीकाठी आणलं. काय सांगितलं तिनं! पाणी गार होतं तर ऐकणाऱ्याला हुडहुडी भरावी, टोपी हातातून निसटली तर काळजात धस्स व्हावं. शुक्रवारी सकाळी रेकॉर्डिंग गेलं. बायको कपाटातून उतरली, खांद्यावरचा दोरा झटकला आणि चक्क गाणं गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. फ्रीजखाली तळं झालं होतं, तेही तिनं गाणं न थांबवता पुसलं.

दुपारी फोन आला.

"विमान गेलं!" संपादकबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मुलीला टाळी दिली.

"पण आता एक माणूस ऐकू येतोय."

"माणूस?"

"ऐका." पलीकडून रेकॉर्डिंग सुरू झालं. बायकोचा आवाज म्हणाला, "एक होतं अस्वल." आणि मागून एक जाड, समाधानी आवाज म्हणाला, "हं."

"त्याला होती एक लाल टोपी."

"हं."

"एकदा काय झालं, जोराचा वारा सुटला..."

"अरे देवा."

बायकोनं आणि मुलीनं एकदमच मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगमध्येही मी..."

"असणारच," मुलगी म्हणाली. "पंख्याच्या आवाजाखाली झाकले गेला होतात."

मास्तर खाली बसले. खरं सांगायचं तर त्यांना कल्पनाच नव्हती. लग्नापासून बायकोनं काही सांगायला घेतलं की त्यांच्या तोंडून हुंकार जायचा, जसा चालताना पाय उचलला जातो तसा, आणि घरातल्यांनाही तो आता ऐकू यायचा नाही. सांगणाऱ्याच्या जिवाला ऐकणाऱ्याचा तेवढा टेकू लागतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि विसरायचं कसं तेही माहीत नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे," संपादकबाई म्हणाल्या. "त्या गृहस्थांना बाहेर काढा आणि पुन्हा पाठवा."

गृहस्थ स्वतःच बाहेर गेले. पायरीवर बसले. आत मुलगी बटणापाशी, बायको कपाटात. मास्तर मनोमन देवाला म्हणत होते, माझं तोंड दिवसभर बंद ठेव, पण तिचं काम होऊ दे.

थोड्या वेळानं मुलगी बाहेर आली. "बाबा, जमत नाहीये."

"का? दोरा गेला का?"

"आई अडकतेय. 'एक होतं अस्वल' म्हणते, थांबते आणि तुमच्या खुर्चीकडे बघते. मी म्हणून बघितलं 'हं'. तर म्हणाली, तुझा हं वर्गात हजेरी दिल्यासारखा आहे."

मास्तर आत धावले. "अगं, मी बसतो समोर. पण तोंडात टाचण्या धरून! टाचण्या असल्या की मी बोलत नाही."

त्यांनी ओठांत टाचण्या धरल्या. बायकोचा चेहरा खुलला. अस्वल आलं, वारा सुटला, टोपी पाण्यात पडली. मास्तरांचे गाल फुगले, डोळे मोठे झाले. अस्वलानं पाण्यात पाय टाकला, पाय घसरला...

"अरे, धर त्याला!" मास्तर ओरडले आणि टाचण्या फरशीवर छन्न छन्न करत चहूकडे गेल्या.

बायको कोटांमध्ये तोंड खुपसून हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसू थांबलं तरी पाणी थांबेना. बाहेर ऊन उतरलं होतं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "बाईंना सांगते, दुसऱ्या बाईंना हो म्हणा. तुम्हाला घराबाहेर बसवून मला गोष्ट सांगता येत नाही, त्याला काय करू?"

तिनं फोन लावला. पण तिला बोलू कोण देतंय!

"अहो, मीच करणार होते फोन," संपादकबाई घाईघाईनं म्हणाल्या. "सकाळचं रेकॉर्डिंग माझ्या नातीनं लावलं. एरवी तिला कुठलीही गोष्ट लावून द्या, अर्ध्यात उठून जाते. आज पूर्ण ऐकली. नुसती ऐकली नाही, त्या गृहस्थांबरोबर 'हं' म्हणत बसली! आता सगळी पुस्तकं तुम्हीच वाचायची. आणि ते गृहस्थ तसेच हवेत. त्यांना वेगळा माइक द्या."

बायको मटकन स्टुलावर बसली. मुलीनं आईला कोटांसकट मिठी मारली. मास्तर आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ताणलेल्या टेपसारखी मान सरळ केली.

पुढच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी सकाळपासून कोमट पाणी पिऊन घसा राखला. गिऱ्हाइकांशी खुणेनं बोलले. डॉक्टर सहज डोकावले, तर त्यांना ओठांवर बोट ठेवून दारातूनच परत पाठवलं. मग स्वतःचा माइक झटकून, पुसून, हनुवटीपाशी आणून ते बसले. बायकोनं कपाटातून पहिलं वाक्य उच्चारलं. मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"अगं, जरा हळू बोल," ते म्हणाले. "माझा हं दबतोय."