चार बोटं खांब

इमारतीची तब्येत बिघडल्याचं डॉक्टरांना कळलं, तेव्हा त्यांच्या अर्ध्या गालाला साबण होता. फोनवर महिन्याची सरासरी आली होती : दोन पूर्णांक एक. उरलेली दाढी राहिलीच. तसेच अर्धवट तोंडाने ते हॉलमध्ये येऊन बसले आणि बायकोने पुढे ठेवलेला चहा साय धरेपर्यंत तसाच राहिला.

डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत. भूकंपात इमारती कशा वागतात यावर त्यांनी प्रबंध लिहिला होता, आणि एका संशोधन संस्थेत ते इमारतींच्या तब्येतीवर नजर ठेवायचं काम करत. शेजाऱ्यांना त्याचं काय? डॉक्टर तो डॉक्टर. वॉचमनने एकदा त्यांना मानेवरचं गळू दाखवलं होतं आणि त्यांनीही भिडेखातर ते नीट पाहिलं होतं.

ते राहत तळमजल्यावर. वर चार मजले, एकूण वीस बिऱ्हाडं. या इमारतीत त्यांनी संस्थेची यंत्रं बसवली होती, साबणाच्या वडीएवढाली खोकी, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक ठिकाणी एक. कुठलीही इमारत वाऱ्याने, रस्त्यावरच्या गाड्यांनी सतत किंचित डुलत असते, आपल्याला कळत नाही इतकंच. ही सेकंदाला दोन पूर्णांक चार वेळा डुलायची. इमारत आतून कमजोर झाली की डुलणं मंदावतं. तिच्यावरचं ओझं वाढलं तरी मंदावतं. शास्त्र एवढंच, बाकी सगळे आलेख. गेल्या महिन्यातच संस्थेच्या पत्रिकेत या इमारतीचा फोटो छापून आला होता, खाली 'निरोगी इमारत' असं लिहून. आणि पंधरा दिवसांनी संचालक बाहेरगावचे पाहुणे घेऊन ती निरोगी इमारत बघायला येणार होते.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभा बसली. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले की एकतर कमजोरी असेल, नाहीतर ओझं. सेक्रेटरी वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते. कमजोरी हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. 'ओझं' म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला कामावर बोलावलंय.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरू लागले. जुना काटा काढला, वही काढली. दुसऱ्या मजल्यावरच्या पैलवानाचे डंबेल्स खाली गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे पंचवीस वर्षांचे तपासलेले पेपर निघाले, तेही गेले. एवढी नापास मुलं डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो, असं पैलवान म्हणाला. माशांची काचेची पेटी गेली, शिवणयंत्र गेलं. एका घरात सेक्रेटरींनी सूनबाईंना सासूबाईंचं वजन विचारलं, तेव्हापासून त्या घरात दोघींचं एकमेकींशी बोलणं बंद झालं आणि दोघींचं सेक्रेटरींशीही. एवढं होऊन आकडा जागचा हलला नाही. दोन पूर्णांक एक.

मग सगळ्यांची नजर गच्चीवर गेली.

गच्चीवर चौथ्या मजल्यावरच्या काकूंची बाग होती. काकूंचे यजमान बस चालवायचे. ड्यूटी संपली की पिशवी पिशवी माती वर न्यायचे. तीस वर्षं नेली. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि मागे बाग राहिली. मधोमध लोखंडी पिंपात एक लिंबाचं झाड होतं आणि इमारतीतल्या एकाही घरात कधी लिंबू विकत आणावं लागलं नव्हतं. ती लिंबं खाल्लेली तोंडंच आता सभेत एकेक करून म्हणू लागली, की काकू, तुमच्या भावना कळतात, पण जिवापुढे काय?

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी सरळ डॉक्टरांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही सांगा. माझ्या मातीनं इमारत पडेल?"

आता खरी गोष्ट अशी, की डॉक्टरांनी तो हिशेब आदल्या दिवशीच वर्तमानपत्राच्या कडेला मांडून पाहिला होता. सगळ्या इमारतीच्या वजनापुढे गच्चीवरची माती म्हणजे म्हशीच्या पाठीवर लिंबू. तिने आकडा तेवढा घसरणं शक्यच नव्हतं. पण ओझं नाही म्हणायचं, तर कमजोरी म्हणावं लागणार. कमजोरी म्हणायचं, तर ती कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना वीस बिऱ्हाडं आजच्या आज बाहेर काढावी लागणार. संचालक काय म्हणतील? फोटोचं काय? मनुष्य फार शिकला म्हणजे त्याला घाबरायलाही जास्त जागा मिळते.

"ओझं कमी झालेलं बरंच, काकू," ते म्हणाले.

हे वाक्य खोटं नव्हतं. लबाडी होती ती यातच. काकूंनी त्यांचं तोंड नीट निरखलं, मग मान हलवून म्हणाल्या, की उतरवा.

माती उतरवायला दोन दिवस लागले. पिंप जिन्यात वळेना, म्हणून ते आडवं करून रिकामं केलं, तेव्हा लिंबाची मुळं उघडी पडली. झाड पाण्याच्या पंपाशेजारी टेकवून ठेवलं, कुणीतरी त्याचं बघेल म्हणून. सगळ्यांचं असतं त्याचं कुणीच बघत नाही. गुरुवारपर्यंत पानं वाळून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आकडा होता तिथेच राहिला.

आता डॉक्टरांना लपायला मातीसुद्धा उरली नव्हती. शनिवारी दुपारी ते हॉलमध्ये यंत्रांच्या मूळ नोंदी उघडून बसले. सरासरी काढण्याआधी माणसांची आदळआपट झालेले दिवस वगळायचे, ही संस्थेची पद्धत. कुणी वर खिळा ठोकला तर तो भूकंप समजायचा नाही. डॉक्टर तीन आठवडे परदेशी परिषदेला गेले होते, त्या काळातले अठरा दिवस त्यांनी परत आल्यावर स्वतःच्या हाताने काढून टाकले होते. शेरा मारला होता : 'गोंगाट'. आज त्यांनी तो गोंगाट पहिल्यांदा नीट वाचला. तो रोज सकाळी दहाला सुरू व्हायचा. एक ते दोन बंद. मग पुन्हा पाचपर्यंत. रविवारी शुकशुकाट.

भूकंप जेवायची सुट्टी घेत नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, अकरा ते साडेचारच्या दरम्यान, आकडा दोन पूर्णांक चारवरून दोन पूर्णांक एकवर उतरला होता आणि पुन्हा वर चढलाच नव्हता. आवाज सगळ्यात मोठा तळमजल्यावरच्या खोक्यात होता. ते खोकं त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर होतं.

"मी परिषदेला गेलो होतो तेव्हा आपल्याकडे काय काम झालं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"काय म्हणजे? कपाट नाही का करून दिलं दादानं?" बायको हात पुसत बाहेर आली. "तुमची सन्मानचिन्हं ठेवायला. तुम्हीच तर आल्यावर म्हणालात, छान झालंय."

दादा म्हणजे तिचा भाऊ, लोकांच्या घरांना फर्निचर करून द्यायचा. मेहुणा आहे, मन लावून काम करतो. कपाट खरंच छान होतं. कोपऱ्यात भिंतीसारखं सपाट बसलं होतं, आणि आतल्या दिव्यात भूकंप-सुरक्षेची अकरा सन्मानचिन्हं झळकत होती.

"इथे खांब होता," डॉक्टर म्हणाले.

"आहे की. चार बोटं पुढे येत होता, दारच लागेना. मग गवंड्यानं थोडा तासला. तुम्हाला विचारणार होतो, पण तुमचं भाषण चालू होतं."

त्या भाषणाचा विषय 'राहत्या इमारतीत रहिवाशांनी काय करू नये' असा होता. डॉक्टरांनी एकेक सन्मानचिन्ह खाली काढलं आणि मागची फळी उचकटली. खांब चार बोटं नव्हे, चांगला वीतभर खाल्लेला होता. आतल्या दोन सळया कापलेल्या, आणि खाली तिरकी भेग, तिच्यात नख सहज जात होतं. वरचे चार मजले त्यावर उभे होते. काखेत कळसा आणि त्यांनी काकूंच्या गच्चीला वळसा घातला होता. महिनाभर ते याच खांबाकडे डोकं करून दुपारची झोप घेत होते.

बायकोने भेग पाहिली आणि ती खाली बसली. डॉक्टर बसले नाहीत. ते अनवाणी जिना चढत गेले, प्रत्येक दार ठोठावलं आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं : आत्ता बाहेर पडा, खांब माझ्या घरात तुटलाय. तासाभरात वीसही बिऱ्हाडं रस्त्यापलीकडे उभी होती. संस्थेतून लोखंडी टेकू आले, ते हॉलमध्ये ओळीने उभे राहिले. सेक्रेटरींनी दारातून वाकून खांब पाहिला, अकरा सन्मानचिन्हं पाहिली, आणि पहिल्यांदाच कशाचंही वजन विचारलं नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

अडीच महिने सगळे नातेवाइकांकडे विखुरले होते. खांब नव्या सळया घालून, भोवती काँक्रीट ओतून पुन्हा उभा झाला, आता चार बोटं नाही तर आठ बोटं पुढे. आकडा दोन पूर्णांक चारवर आला, लोक परत आले. संस्थेत मात्र आनंदीआनंद. इमारत कोसळण्याआधी यंत्रांनी आतली इजा पकडली, असं उदाहरण कुणाकडे होतं? संचालकांनी डॉक्टरांना समारंभात उभं केलं आणि बारावं सन्मानचिन्ह दिलं, काळ्या दगडाचं, चांगलं जड. 'छुपी इजा वेळेत ओळखल्याबद्दल.' घरी आता कपाट नव्हतं, आणि बायको त्या दगडाकडे बघायला तयार नव्हती. तो चपलांच्या मांडणीखाली गेला.

डॉक्टर रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मातीची दोन पोती खांद्यावरून गच्चीवर नेऊ लागले. लिफ्ट नव्हती. काकू उलट्या बादलीवर बसून माती कुठे टाकायची ते हाताने दाखवत. पिंपात त्यांनी लिंबाचं नवं रोप लावलं होतं, वीतभर उंचीचं. शेवटचं पोतं ओतलं त्या दिवशी डॉक्टर खाली गेले नाहीत.

"काकू, एक सांगायचं राहिलंय. तुमच्या मातीनं काही होणार नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं."

"मलाही," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला कसं?"

"यांनी तीस वर्षं बस चालवली. माणसं कोंबली म्हणून गाडीचा चाकांमधला दांडा मोडत नाही म्हणायचे, तो आधीच कुठेतरी चिरलेला असतो."

"मग माती उतरवू का दिलीत?"

"तुमचं तोंड बघून. एवढा शिकलेला माणूस काहीतरी गिळतोय, म्हणजे खरं काय ते फार वाईट असणार. म्हटलं, मातीवर निभावत असेल तर निभावू दे."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसावं तर हात मातीचे. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्या पिंपाला धरून उठल्या, तर पिंप एका बाजूला कललं.

"हे डुगडुगतंय बघा. खाली सारायला काही आहे का तुमच्याकडे? चपटं आणि जड."

डॉक्टर पाच जिने उतरले आणि चपलांच्या मांडणीखालचा काळा दगड घेऊन पाच जिने चढले. काकूंनी चष्मा लावून त्यावरची अक्षरं सावकाश वाचली. मग अक्षरं खालच्या बाजूला करून तो पिंपाखाली सारला आणि पिंप दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता नाही हलत."